विहीणबाईंची आयरिश कॉफी

"आई, त्या येतायत. माझ्या सासूबाई. पंधरा दिवस राहणारेत," असं मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते. कणकेचे हात तसेच घेऊन मी घरभर फिरले. आधी ह्यांना सांगितलं, मग मामंजींना, मग गॅलरीत जाऊन शेजारच्या वहिनींना. वहिनी म्हणाल्या, "कोण, ती गोरी विहीण? इथे? आपल्या कॉलनीत?" आणि त्यांनीही हातातली वाळत घालायची चादर तशीच कठड्यावर टाकली.

कारणच तसं होतं. आमची मुलगी नोकरीसाठी आयर्लंडला गेली आणि तिथल्याच मुलाशी तिनं लग्न केलं. आमचा व्हिसा काही वेळेत आला नाही. लग्न तिकडे लागलं आणि आम्ही तिघं इथे अरेरा कॉलनीतल्या आमच्या हॉलमध्ये, ठेवणीतले कपडे घालून, टीव्हीला लॅपटॉप जोडून बसलो. अक्षता मी पडद्यावर टाकल्या. पुढे आठवडाभर टीव्हीच्या मागून तांदूळ निघत होते. विहीणबाईंना मी पाहिलं होतं ते तेवढंच. निळी टोपी घातलेली एक उंच बाई, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतेय आणि काहीतरी बोलतेय, पण आवाज येत नाहीये.

आता ती बाई आमच्या घरी येणार होती. जावयांना रजा मिळणार नव्हती, म्हणजे मुलगी आणि त्या, दोघीच.

मला पाहुण्यांची सवय नाही असं नाही. आमचे आजेसासरे नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, तेव्हापासून विदर्भातून येणारं प्रत्येक माणूस आमच्याकडेच उतरत आलंय. दहा माणसांचा स्वयंपाक मी बोलता बोलता करते. पण ह्या पाहुण्या वेगळ्या. त्यांना काय आवडतं, काय चालतं, कशानं बरं वाटतं, काहीच माहीत नाही. मुलीला विचारलं तर ती म्हणायची, "आई, त्या काहीही खातात गं. तू टेन्शन नको घेऊस." काहीही खाणाऱ्या माणसाला काय करून घालायचं, ह्याहून मोठं टेन्शन नसतं.

तेव्हा एका दुपारी मोबाईलवर एक व्हिडिओ समोर आला. एक बाई काचेच्या पेल्यात काळीभोर कॉफी ओततेय, त्यात थोडी व्हिस्की, आणि वरून चमच्याच्या पाठीवरून हळूहळू पांढरी साय सोडतेय. साय काही खाली जात नाही. काळ्यावर पांढरा थर तसाच्या तसा, मधे आखल्यासारखी रेघ. खाली लिहिलेलं, आयरिश कॉफी.

मी ते सात वेळा पाहिलं. मग ह्यांना उठवलं.

"अहो, हे बघा. त्यांच्या गावचं आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी माणसाला परक्या घरात आपल्या घरचं काहीतरी हवंसं वाटतं. तेव्हा मी त्यांच्यापुढे हे ठेवणार."

ह्यांनी चष्मा लावून पाहिलं. "त्यात दारू आहे."

"थोडीशीच."

"आपल्या घरात?"

"त्यांच्यासाठी. आपण कुठे पितोय?"

ह्यांनी डिसेंबरमुळे बंद असलेल्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मुलीला विचारलंस का?"

"नाही. तिलाही सांगायचं नाही. दोघींना एकदमच चकित करायचं."

सगळा घोळ ह्या एका वाक्यातून पुढे झाला. पण तेव्हा मला इतकी मजा वाटत होती की दुसरं काही सुचतच नव्हतं.

बाटली आणायचं काम ह्यांच्याकडे गेलं. हे आयुष्यभर सरकारी कचेरीत होते, पण दारूच्या दुकानाची पायरी चढलेले नव्हते. आमच्या बाजूला सगळेच ओळखीचे, म्हणून स्कूटर काढून हे थेट लांबच्या अशोका गार्डन वस्तीत गेले. तिथे कोण ओळखणार? परत आले ते हसू दाबत. दुकानासमोरच्या गर्दीत ह्यांच्या पुढे उभे होते आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे काका. ते वळले, दोघांची नजरानजर झाली.

"अरे, तुम्ही इकडे कसे?" काका म्हणाले.

"स्कूटरची बॅटरी बघायला आलो होतो."

"हो ना, मीपण," काका म्हणाले, आणि दोघंही गंभीर चेहऱ्यानं त्याच रांगेत पुढे सरकत राहिले. दुकानदारानं ह्यांना विचारलं, "साहब, पार्टी है क्या?" तर हे म्हणाले, "नहीं, समधन आ रही हैं." विहिणीसाठी बाटली म्हटल्यावर दुकानदार हात थांबवून ह्यांच्याकडे बघतच राहिला म्हणे.

बाटली खरोखरीची आयरिश मिळाली. ती वर्तमानपत्रात गुंडाळून मी इस्त्रीच्या कपाटात, जुन्या स्वेटरांच्या मागे ठेवली. ह्यांनी बजावलं, "पाहुण्यांच्या आधी उघडायची नाही. नैवेद्याआधी ताट उष्टं करतात का?" तुलना विचित्र होती, पण मला पटली. सराव बिनव्हिस्कीचा करायचा ठरला.

सराव मी रोज सकाळी अकराला, मामंजी आंघोळीला गेले की करायचे. पहिल्या दिवशी पाकिटातलं क्रीम वापरलं. ते कॉफीला लागताच खाली गेलं आणि सगळ्याचा रंग नर्मदेच्या पुराच्या पाण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी घरच्या दुधाची चार दिवसांची साय घोटली. जरा जास्तच घोटली आणि तिचं लोणी झालं. कॉफीवर लोण्याचे गोळे आणि भोवती तुपकट चकत्या. तिसऱ्या दिवशी गार पेल्यात उकळती कॉफी ओतली, टक्क आवाज झाला आणि आमच्या लग्नातल्या सहा पेल्यांपैकी एक पेला गेला. मला हळहळ वाटायला हवी होती, पण मी तो आवाज ऐकून "हां! आधी पेला गरम करायचा!" असं मोठ्यानं म्हणाले, जणू मीच शोध लावला होता.

बाथरूममधून मामंजींचा आवाज आला, "सूनबाई, काय फुटलं?"

"काही नाही, मामंजी!"

मामंजी चौऱ्याऐंशीचे आहेत. कान तल्लख, नाक त्याहून तल्लख. आंघोळ करून आले आणि ओट्याकडे बघून म्हणाले, "तीन दिवस झाले, ह्या घरात चहाऐवजी कॉफीचा वास येतोय. आणि मला एक घोटसुद्धा नाही." मी त्यांना तो नर्मदेच्या पुराचा प्रकार पुन्हा करून दिला. ते तो आवडीनं प्यायले.

दहा नंबर मार्केटमध्ये केकचं सामान मिळतं, तिथून मी घट्ट क्रीम आणलं. दुकानातल्या मुलीनं सांगितलं, "आंटी, इसको एकदम ठंडा रखना, बर्तन भी." भांडंसुद्धा फ्रीजमध्ये ठेवलं. एवढं सगळं करून पाचव्या सरावाला चमच्याच्या पाठीवरून साय सोडली आणि ती राहिली. थोडी थरथरली, कडेला जराशी भुरी झाली, पण राहिली. मी एकटीच स्वयंपाकघरात दोन्ही हात वर करून उभी होते. ह्यांना हाक मारली, ह्यांनी फोटो काढला. कॉफीत साखर नव्हती, कारण ह्यांना मधुमेह आहे आणि आमच्याकडे साखरेचा डबा माळ्यावर असतो. मी साखरेऐवजी गोळ्या घातल्या होत्या. हे मी मुद्दाम सांगून ठेवतेय, कारण नंतर ह्याच गोष्टीनं माझी फजिती केली.

दिल्लीहून गाडी दुपारी आली. स्टेशनचं नाव बदललं तरी आम्ही अजून हबीबगंजच म्हणतो. डब्यातून आधी मुलगी उतरली, तिला मिठी मारायच्या आधीच तिच्या खांद्यावरून मला ती उंच बाई दिसली. टोपी नव्हती, केस अगदी पांढरे, पायात बूट, आणि अंगावर मुलीनं दिलेली शाल, उलटी पांघरलेली. मी नमस्कार केला. त्यांनी पण हात जोडले आणि पाठ केल्यासारखं म्हणाल्या, "नमस्कार, विनीबाई."

"विहीणबाई," मुलगी कानात कुजबुजली.

"विनीबाई," त्या आणखी जोरात म्हणाल्या. आणि मी ठरवलं, आता हेच राहू दे.

पहिले चार दिवस कुठे गेले कळलं नाही. त्या काहीही खातात हे खरंच होतं. भाकरी खाल्ली, झुणका खाल्ला, मामंजींच्या ताटातली हिरवी मिरची मागून घेतली आणि डोळ्यांतून पाणी काढत हसल्या. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं. मी तीस वर्षं सरकारी शाळेत विज्ञान शिकवलं, पण हिंदी माध्यमात, त्यामुळे माझं इंग्रजी पुस्तकातलं आणि त्यांचं पळत्या गाडीतलं. मुलगी मधे बसून भाषांतर करायची आणि दमून जायची. सकाळी गॅलरीतल्या उन्हात बसून त्या चहा प्यायच्या. चहाच. तीन कप. मी कॉफी विचारली की म्हणायच्या, "नको, नको, चहाच." मला वाटलं, आपल्याला त्रास नको म्हणून म्हणत असतील.

पाचव्या दिवशी दुपारी चार वाजता मी ठरवलं, आज.

हॉलमधल्या टेबलावर नवी चादर घातली. पाच पेले गरम पाण्यानं भरून ठेवले. फ्रीजमधून भांडं काढलं, क्रीम घोटलं. कॉफी काळी, कडक. सगळ्यांना बोलावून बसवलं. मी पेले एका ओळीत सरळ केले. शाळेत वार्षिक तपासणीच्या दिवशी प्रयोगाचं सामान मांडायचे तसे. आणि मग हे, आतल्या खोलीतून, वर्तमानपत्र सोडवत, दोन्ही हातांत बाटली धरून आले, सत्यनारायणाचा प्रसाद आणावा तसे.

मुलीचा चेहरा पडला.

"आई," ती मराठीत, हळू म्हणाली, "हे काय आहे?"

"आयरिश कॉफी!"

"आई, त्या दारू पीत नाहीत. कधीच नाही. आयुष्यात एक थेंब नाही."

 तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "आयरिश असून?"

ते नेमके इंग्रजीत म्हणाले. मला वाटलं, धरणी दुभंगावी. पण विहीणबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या वहिनी गॅलरीत आल्या. हसून झाल्यावर त्यांनी सांगितलं आणि मुलीनं भाषांतर केलं. त्यांच्या लहानपणी गावातल्या चर्चमध्ये मुलामुलींना शपथ देत, दारूला शिवणार नाही अशी. पुष्कळ जण पुढे विसरत. त्या बारा वर्षांच्या होत्या, त्या विसरल्या नाहीत. आणि कॉफी तर त्यांना सोसतच नाही, झोप उडते.

म्हणजे मी ज्या बाईसाठी आठवडाभर साय घोटत होते, ती दारूही पीत नव्हती आणि कॉफीही.

"मी आवरते हे सगळं," मी म्हणाले आणि पेले उचलू लागले.

"नाही, नाही," विहीणबाई म्हणाल्या. "विनीबाई, तुम्ही करा. मला बघायचंय."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मामंजीही पुढे सरकले. मग मी केली. एका पेल्यातलं गरम पाणी ओतून दिलं, कॉफी घातली, गोडाच्या गोळ्या घातल्या, ह्यांनी घाबरत घाबरत झाकणभर आणि मग आणखी दोन झाकणं व्हिस्की घातली. घरभर तो वास पसरला. मी चमचा उलटा धरला आणि साय सोडली.

साय सरळ खाली गेली.

दुसरा पेला. तीही गेली. ढगासारखी पसरत, गुंडाळत, अगदी तळापर्यंत. मी बघतच राहिले. तीच साय, तीच कॉफी, तोच हात. सरावात राहिली होती, मोबाईलमध्ये फोटो होता! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रडण्यासारखं काही नव्हतं हे मलाही कळत होतं, पण इतके दिवस मनात जे फुगत चाललं होतं ते असं सगळ्यांसमोर खाली बसलं.

विहीणबाई उठल्या. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. मला म्हणाल्या, "तुमच्या स्वयंपाकघरात आले तर चालेल?"

"या ना," मी म्हणाले.

आत येताना त्यांनी बूट दाराशी काढून ठेवले, कोणी न सांगता. मग ओट्याशी उभ्या राहून त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मुलगीसुद्धा थक्क झाली, कारण तिलाही ते माहीत नव्हतं. लग्नाआधी त्या विमानतळाजवळच्या एका हॉटेलात कामाला होत्या. प्रवासी उतरले की सगळ्यांना ही कॉफी हवी असायची. एका दिवसात चाळीस-पन्नास पेले त्यांनी एकटीनं केले होते. चार वर्षं. आणि एकदाही चव घेतली नव्हती.

"चव न घेता?" मी विचारलं.

त्यांनी डोळ्यांकडे बोट दाखवलं. "बघून कळतं."

मग त्यांनी माझा बुडालेला पेला उजेडात धरला, हलवला आणि विचारलं, "साखर कुठे आहे?"

मी गोळ्यांची डबी दाखवली. त्यांनी ती उघडली, एक गोळी तळहातावर घेतली, आणि नकारार्थी मान हलवली. "ही गोड करते. पण हिला वजन नाही."

आणि तिथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घनत्व! तीस वर्षं, आठवीच्या वर्गात, लिंबाचं सरबत आणि मिठाचं पाणी आणि अंडं घेऊन मी जे शिकवलं, ते! साखर विरघळली की कॉफी जड होते, आणि जड कॉफीवर हलकी साय तरंगते. सरावात व्हिस्की नव्हती म्हणून साय कशीबशी टिकली. व्हिस्की पाण्याहून हलकी. ती पडली, कॉफी हलकी झाली, आणि साय गेली तळाला. मी हे सगळं हिंदी, मराठी आणि मोडक्या इंग्रजीत एका दमात सांगितलं. मी फळा शोधत असल्यासारखे हात करत होते. विहीणबाईंना कितपत कळलं माहीत नाही, पण त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून हलवले आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर! तुम्ही शिकवता ते, मी करते ते, एकच!"

ह्यांनी माळ्यावरून साखर काढायला स्टूल आणलं. विहीणबाई म्हणाल्या, पांढरी नको, तपकिरी हवी. तपकिरी साखर आमच्याकडे कुठली? मी गुळाचा डबा काढला. करेली गावचा गूळ होता, ताजा, मऊ, गडद. त्यांनी एक खडा तोडून तोंडात टाकला. चघळला. डोळे मिटले. मग दुसरा खडा घेतला. तिसरा घ्यायला लागल्या तेव्हा मुलगी म्हणाली, "आता कॉफीला ठेवा."

नवा पेला. गरम पाण्यानं धुतलेला. दोन चमचे चिरलेला गूळ. त्यावर कॉफी, आणि गूळ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळणं, ते मात्र त्यांनी घाई न करता केलं. मग बाटली. माप नाही, झाकण नाही. हात किंचित तिरका, एक क्षण, बस्स. त्या बाईनं आयुष्यात जे कधी चाखलं नाही ते तिला थेंबाथेंबानं माहीत होतं. क्रीम मी जास्त घोटलं होतं, त्यात त्यांनी थोडं पातळ क्रीम घालून ते धिरड्याच्या पिठाइतकं सैल केलं. मग चमचा कॉफीला टेकेल न टेकेल असा धरला आणि साय सोडली.

ती बसली. काळ्यावर पांढरी, काठापर्यंत, एक लहर नाही.

"वा!" मामंजी दारातून म्हणाले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गॅलरीतून वहिनींनी विचारलं, "काय झालं?" मी ओरडून सांगितलं, "साय राहिली!" त्यांनी काही न कळता तिकडून टाळ्या वाजवल्या.

विहीणबाईंनी तो पेला दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"तुमच्यासाठी."

आता मी काय सांगू? माझ्या तोंडात दारूचा थेंब कधी गेला नव्हता. आणि समोर सासरे उभे. लग्न होऊन आले तेव्हा मामंजींसमोर मी खुर्चीवरसुद्धा बसत नसे. मी मामंजींकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी भुवया वर केल्या.

"घे की. निवेल."

मी प्यायले. आधी ओठांना गार साय लागली, अजिबात गोड नसलेली, आणि तिच्या खालून एकदम कढत, कडू, गोड, गुळाच्या वासाची कॉफी आली. आणि मग छातीत कुठेतरी एक ऊब पसरली, आल्याच्या चहानं पसरते तशी, पण तिच्याहून धीट.  दुसरा घोट घेतला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कशी आहे?" ह्यांनी विचारलं.

"अहो," मी म्हणाले, "आपण फार उशीर केला."

मग मात्र नुसता गोंधळ. मामंजी म्हणाले, "आता मला." मुलीनं डॉक्टरांची आठवण करून दिली. मामंजी म्हणाले, "डॉक्टरांना मी विचारलेलं नाही, आणि तूही विचारू नकोस." त्यांना लहान वाटीत दोन घोट दिले. त्यांच्या मिशीला साय लागली ती त्यांनी पुसली नाही. ह्यांना मधुमेहामुळे चमचाभरच, तो ह्यांनी अर्धा तास पुरवला. आणि पुढचा पेला मी करायचा असं विहीणबाईंनी जाहीर केलं. त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि माझं मनगट धरून चमच्याचा कोन दाखवत होत्या. "खाली. आणखी खाली. आता हळू, विनीबाई, हळू, हळू…" साय चमच्यावरून उतरली, पसरली, थांबली.

"तरंगली!" मी किंचाळले. आपण साठ वर्षांच्या आहोत हे विसरून मी तिथल्या तिथे उडी मारली. तो पेला मुलीनं घेतला. विहीणबाईंसाठी मी आल्याचा चहा टाकला, आणि त्या खूश झाल्या.

संध्याकाळी मुलगी आणि हे मामंजींना घेऊन फिरायला गेले. आम्ही दोघीच स्वयंपाकघरात राहिलो. मी पेले विसळत होते, त्या पुसत होत्या. भाषांतराला कोणी नव्हतं, म्हणून त्या सावकाश बोलल्या आणि मला सगळं कळलं.

"माझे वडील प्यायचे," त्या म्हणाल्या. "म्हणून मी शपथ मनापासून घेतली. हॉटेलात रोज ती कॉफी करायचे, लोक हसायचे, गाणी म्हणायचे, मला ते आवडायचं. मग सायकलवर बसून घरी जायचे. आणि घरी तेच पेय असायचं, पण गाणी नसायची."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"कुठेही गेलं की लोक माझ्यापुढे पेला करतात," त्या म्हणाल्या. "आयरिश आहे म्हणून. नाही म्हटलं की आग्रह करतात. तुम्ही नाही केलात."

मी खरं सांगून टाकलं. "विहीणबाई, मी करणार होते. आमच्यात आग्रह केल्याशिवाय पाहुण्याला बरं वाटत नाही. मुलगी बोलली म्हणून वाचलात."

त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर आम्ही दोघी ओट्याला धरून हसलो. मग मी माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. ते प्यायचे नाहीत, पण घरात बोलायचेही नाहीत. वर्षानुवर्षं. असं आम्ही अंधार पडेपर्यंत बोलत राहिलो, दिवा लावायचासुद्धा राहिला. तुळशीपाशी निरांजन नेताना त्या माझ्याबरोबर आल्या.

पुढचे दिवस म्हणजे उत्सवच होता. शेजारच्या वहिनींना कळलं, त्यांनी त्यांच्या जावेला सांगितलं, आणि रविवारी दुपारी आमच्या घरात सात बायका जमल्या. व्हिस्की दोघींनीच घेतली, बाकीच्यांनी बिनव्हिस्कीची. पण साय सगळ्यांना तरंगवून हवी होती. विहीणबाई माझा एप्रन बांधून ओट्याशी उभ्या. त्यांना मुलीनं दोन हिंदी शब्द शिकवले होते. कोणी साय पाहून चमच्यानं ढवळायला गेलं की त्या ओरडायच्या, "हिलाओ मत!" आणि सगळ्या बायका एका सुरात म्हणायच्या, "हिलाओ मत!"

त्या गेल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत चार किलो गूळ होता. विमानतळावर सामान तपासणाऱ्यानं ती ढेप दाखवून विचारलं, हे काय आहे, तर त्यांनी म्हणे त्याला साखरेचं आणि वजनाचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं.

आठ दिवसांनी मी एकटीनं एक पेला केला. कुणी पाहुणा नाही, काही निमित्त नाही, असाच, मंगळवारी सकाळी. साय तरंगली. मी खिडकीच्या उजेडात फोटो काढला आणि त्यांना पाठवला. तिकडे पहाट असणार, उत्तर उशिरा येईल असं वाटलं होतं. लगेच आलं.

"साय जरा घट्ट झालीय, विनीबाई. पुन्हा करा."

मी फ्रीज उघडला, उरलेलं क्रीम काढलं आणि दुसरा पेला गरम पाण्याखाली धरला.